दोन उदाहरणे शेजारी मांडण्याआधी

मुलांना दोन रीती किंवा दोन उदाहरणे ताडून गणित शिकवायचे असेल, तर आधी जोडी ठरवा. ३(क्ष + १) = १५ हे समीकरण घ्या. एका रीतीत कंस सोडवून ३क्ष + ३ = १५ येते, मग ३क्ष = १२ आणि क्ष = ४. दुसरीत दोन्ही बाजूंना सुरुवातीलाच ३ ने भागले की क्ष + १ = ५, आणि लगेच क्ष = ४. दोन्ही रीती शेजारीशेजारी लिहून ठेवा. फळा वापरणार असाल तर त्याचे दोन भाग आधीच आखा. पहिली रीत पुसून दुसरी लिहिली, तर मुलाला पहिली आठवत आठवत दुसरी समजून घ्यावी लागते, आणि तुलना तिथेच हुकते.

मुले गणित कसे शिकतात याचे संशोधक बेथनी रिटल-जॉन्सन आणि जॉन स्टार यांनी २००७ मध्ये सातवीच्या मुलांबाबत हेच दाखवले. दोन रीती एकत्र ताडून पाहणारी मुले त्याच रीती एकेक करून शिकणाऱ्यांपेक्षा समीकरणे सोडवण्यात सरस ठरली. पण २००९ च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात बीजगणिती रीतीची ओळखच नसलेल्या मुलांना अशा तुलनेचा तेवढा लाभ झाला नाही. म्हणून आदल्या दिवशी एक तरी रीत मुलाच्या हातात बसली आहे ना, हे पाहाच. ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि घाईत नेमकी हीच गळते.

शाब्दिक उदाहरणांसाठी वेगळी जोडी हवी: गोष्ट तीच, गणित निराळे. सारख्याच ३ नळांनी टाकी १२ मिनिटांत भरते, तर ६ नळांनी किती वेळात? आणि ३ नळांतून १२ मिनिटांत ६० लिटर पाणी येते, तर ६ नळांतून तेवढ्याच वेळात किती? पहिल्यात ६ मिनिटे, दुसऱ्यात १२० लिटर. नळ दुप्पट झाले की एकीकडे उत्तर निम्मे होते, दुसरीकडे दुप्पट. व्यस्त चलन आणि समचलन हे शब्द मुलांना हा फरक स्वतः सापडल्यावरच सांगा.

प्रश्नही लिहून ठेवा, ऐनवेळी सुचत नाहीत. ‘दोन्हींत सारखे काय?’, ‘ही पायरी तिकडे कुठे आहे?’, ‘इथे कोणती रीत सोपी, आणि का?’ नुसते ‘समजले का?’ विचारले तर मुले मान हलवतात.

शेवटी ३(क्ष + १) = १४ हे समीकरण झाकून ठेवा. आता आधी भागले तर लगेच अपूर्णांक येतो. मूल कोणती रीत निवडते ते पाहा आणि उत्तर तपासण्याआधी त्याचे कारण ऐका.