कवडीपाटला बदक दिसलं, पण कुठलं? पिसांवरून ओळखायचं कसं

थंडी पडली की पुणे परिसरात कवडीपाट, पाषाण तलाव, भिगवण इथे पाहुणी बदकं यायला लागतात आणि आपण पुस्तकातलं रंगीत डोकं शोधत बसतो. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते बऱ्याचदा सापडतच नाही, कारण विणीनंतर नर भडक पिसं टाकून मादीसारखाच तपकिरी झालेला असतो आणि नवा रंग हळूहळू चढतो. म्हणून डोक्याचा रंग शेवटी, आधी चोच आणि पंख.

त्याच्याही आधी चरणं बघा. शेपूट वर करून डोकं पाण्यात घालतंय, उडताना पाण्यावर न धावता सरळ उचललं जातंय, तर ते पाण्याच्या वरच्या थरात चरणारं बदक, म्हणजे आपल्या कामाचं, खालच्या खुणा अशाच बदकांच्या आहेत. लालसरीसारखं बुडी मारून गायब होत असेल तर ते वेगळं.

मग चोच. काळी, टोकाला पिवळी, बुडाशी लाल ठिपके म्हणजे हळदी-कुंकू. हे बारा महिने इथेच असतं, नर-मादी जवळपास सारखेच, यावरच नजर तयार करा. उलथण्यासारखी पसरट चोच म्हणजे थापट्या, नर असो की मादी. राखाडी चोच, लांब बारीक मान, टोकदार शेपूट म्हणजे तलवार बदक.

खरी परीक्षा छोट्या दोघांची, भुवई बदक आणि चक्रांग. रंगात आलेले नर सोपे, एकाला पांढरी रुंद भुवई, दुसऱ्याच्या तांबूस डोक्यावर हिरवा पट्टा. माद्या बघताना मात्र घाई नको. भुवई मादीच्या चेहऱ्यावर ठळक रेघा आणि चोचीच्या बुडाशी फिकट ठिपका असतो, चक्रांग मादीचा चेहरा साधा पण शेपटीच्या बुडाशी बाजूला एक फिकट रेघ दिसते.

तरी शंका राहिली तर पंख उघडायची वाट बघा. भुवई नराचा पंख पुढच्या बाजूला निळसर राखाडी असतो आणि बाकी अंग तपकिरी झालं तरी हा रंग जात नाही, मला ही सगळ्यात भारी खूण वाटते! चक्रांगच्या पंखावर हिरवा-काळा पट्टा, गडवाल नावाच्या आणखी एका बदकाच्या पंखावर पांढरा चौकोन.

सूर्य पाठीशी ठेवा, समोरून ऊन असेल तर चमकता हिरवा काळाच दिसतो. आणि भिगवणला बोटीत असाल तर नावाड्याला थव्यात बोट घालू नका म्हणून सांगा, लांब शांत थांबलं की बदकं आपणहून उठून पंख झटकतात आणि तेव्हाच तो पट्टा नीट दिसतो.