वेल फुलांनी भरलाय, पण सेटिंग (फळधारणा) होत नाही? या चुका टाळा

रावेर-यावलकडे केळी करणाऱ्याला परागीभवनाची फिकीर नसते, केळीचा घड परागाशिवायच भरतो. तोच हिशेब टरबूज, काकडी, दोडक्याला लावला की गणित फसतं.

"फुलं गळतात" म्हणून लगेच टॉनिक आणायला पळू नका. गळालेलं फूल हातात घ्या. पाकळ्यांच्या मागे इवलं फळ नसेल तर ते नर फूल. ते उमलून गळणारच, आणि वेलावर आधी तीच येतात. कोवळं फळ पिवळं पडून झडत असेल, काकडी वाकडी किंवा टरबूज एकाच बाजूने फुगत असेल, तर मात्र पराग कमी पडल्याची शंका घ्या.

टरबुजावर झाकलेलं पातळ कापड, म्हणजे क्रॉप कव्हर, आणखी आठवडाभर राहिलं तर बरं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मादी फुलं दिसली की ते काढलंच पाहिजे. कापडाच्या आत मधमाशी शिरणार कुठून?

"फवारणी संध्याकाळीच करा" हा सल्ला टरबूज, काकडी, कारल्याला ठीक आहे, कारण त्यांची फुलं सकाळी उमलतात. दोडकं आणि दुधी भोपळा मात्र संध्याकाळी फुलतात. तिथे त्या वेळी औषध मारलं तर ते थेट उमलत्या फुलावर आणि त्यावर येणाऱ्या माश्या-पतंगांवर पडतं. फवारायचंच असेल तर सकाळी, फुलं मिटल्यावर. आणि बांधावरचं मोहोळ जाळून वर मधपेट्यांचं भाडं भरणाऱ्याला काय म्हणावं!

भरताच्या वांग्याचं वेगळंच. त्याचा पराग पिवळ्या नळ्यांत बंद असतो, टोकाच्या छिद्रातून सुटतो. काळा भुंगा फुलाला लटकून गुंगुं करत ते हलवतो, तेव्हा पराग झरझर खाली येतो. मधमाशीला ते जमत नाही. फूल उलटं करून बघा: मधली दांडी नळ्यांच्या बाहेर आली असेल तर फळ धरेल, आतच आखूड राहिली असेल तर ते फूल बहुधा गळतं. त्यात तुमचा दोष नाही.

परसातल्या दोन-चार वेलांना हातानेच पराग लावा. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. काकडीला सकाळी, दुधीला संध्याकाळी. पण मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की परागाचा जोरच जातो, मग ही मेहनतही फारशी कामी येत नाही. पुढच्या वर्षी लागवड थोडी आधी करा.