पंचगंगा पात्राबाहेर यायच्या आधी : घरची बेगमी आणि गल्लीची यादी कशी करायची

मे संपत आला की आमच्याकडं कोल्हापुरात चटणी डब्यात, सांडगे-पापड बरणीत आणि ऊन दाखवलेले गहू-तांदूळ पिंपात गेलेले असतात. घरातली जुनी माणसं याला पावसाळ्याची बेगमी म्हणायची. २०१९ आणि २०२१ चे दोन्ही पूर बघितल्यावर आम्ही त्या बेगमीत दोन गोष्टी वाढवल्या, एक कागदपत्रांची पिशवी आणि दुसरी गल्लीची यादी, आणि खरं सांगायचं तर दुसरी जास्त उपयोगाची आहे.

आमचं घर नदीपासून लांब आहे, आम्हाला काय होणार, असं म्हणणाऱ्यांनी २०१९ आठवा. राजाराम बंधाऱ्यावर, जिथं पंचगंगेची पातळी मोजतात, धोका पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ ला ५६ च्या वर. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद, पेट्रोल नाही, भाजी नाही, आणि सगळीकडं पाणीच पाणी असताना नळाला मात्र थेंब नाही कारण उपसा केंद्रंच पाण्यात गेली होती. म्हणजे ज्यांच्या उंबऱ्याला पाणी लागलंसुद्धा नाही तेही हंडे घेऊन टँकरच्या रांगेत. म्हणून हे सगळ्यांनीच करायचं आहे, नदीकाठच्या सुतारवाड्यातल्यानं पण आणि टेकावरच्या अपार्टमेंटमधल्यानं पण.

आधी आपला आकडा शोधा

बंधाऱ्यावर किती फूट असताना आपल्या गल्लीच्या तोंडाला पाणी लागतं, हे तुम्हाला माहीत पाहिजे. टीव्हीवर कोणी सांगणार नाही, गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा. २००५ ला पाणी कुठवर होतं, २०१९ ला कुठल्या पायरीवर होतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. तो आकडा स्वयंपाकघराच्या दाराआड लिहून ठेवा. मग ठरवा की ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी आली की गाड्या वर नेऊन लावायच्या आणि घरात कोणी आजारी असेल, बाळंतीण असेल, तर त्यांना त्याच दिवशी पाहुण्यांकडं पोचवायचं. धोका पातळीची वाट बघायची नाही. सांगलीकरांनी हेच आयर्विन पुलाच्या आकड्यावर करायचं, तिथं इशारा ४० आणि धोका ४५. आणि वरच्या राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी सुटतं. रात्री दोनला उघडले तरी सकाळी पाणी वाढणारच, तेव्हा झोपायच्या आधी बातमी बघून झोपायचं.

पाणी, खाणं, औषधं

माणशी दिवसाला ४ लिटर प्यायला आणि स्वयंपाकाला धरा. पाच माणसं, पाच दिवस, म्हणजे १०० लिटर. वीस लिटरचे पाच कॅन बसले. पाऊस लागला की भरून ठेवायचे आणि आठ-दहा दिवसांनी झाडांना घालून परत भरायचे. वापरायचं पाणी वेगळं, त्याला पिंप आणि बादल्या. पूर ओसरल्यावर नळाला पहिलं येणारं पाणी गढूळ असतं, ते गाळून चांगलं खळाखळा उकळूनच प्यायचं. विहिरीचं असेल तर ग्रामपंचायतीकडून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून घेतल्याशिवाय नाही.

खाण्याचं फार डोकं लावू नका, जे आपण एरवी खातो तेच थोडं जास्त. भडंग, फुटाणे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळ, कडक भाकरी, लहान मुलं असतील तर दूध पावडर. दुकानातनं दोन-दोन पोती उचलून आणू नका, आपण जास्त उचललं की मागच्या माणसाला मिळत नाही, तेव्हा मे-जूनपासून दर खेपेला किलोभर जास्त आणत जायचं. गॅसची एक टाकी भरलेली पाहिजे. घरात पाणी शिरणार असं दिसलं की रेग्युलेटर काढून टाकी माळ्यावर चढवायची, कारण खाली ठेवलेली टाकी पाण्यावर तरंगते. औषधं, विशेषतः बीपी, शुगर आणि फिटची, पंधरा दिवसांची जास्त ठेवा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे प्रमाण डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवा.

कागदपत्रांच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक, विम्याची पॉलिसी, मुलांचे दाखले, थोडी रोख रक्कम सुट्ट्या नोटांत. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक आणि वरची गाठ घट्ट. जनावरं असतील तर त्यांच्या कानातल्या बिल्ल्याचे नंबर पण लिहून ठेवा, नुकसान झालं तर पंचनाम्याच्या वेळी लागतात. आणि गोठ्यात पाणी येणार असं वाटलं तर दावी आधी सोडायची, बांधलेलं जनावर कुठं जाणार बिचारं.

गल्लीची यादी

एक वही घ्या आणि रविवारी सकाळी दोघं-तिघं मिळून घरोघरी जा. दोघं-तिघं अशासाठी की एकटं गेलं तर लोकांना वाटतं कशाची तरी वर्गणी आहे. प्रत्येक घरात माणसं किती, एकटं म्हातारं कोण, डायलिसिस कोणाचं चालू आहे आणि आठवड्यातनं कुठल्या वारी, गरोदर कोण, जिना कोणाला चढता येत नाही, पोहायला कोणाला येतं, ट्रॅक्टर किंवा टेम्पो कोणाकडं आहे, वरचा मजला कोणाचा रिकामा आहे, एवढंच विचारायचं. भाड्यानं राहणारी पोरं, बांधकामावरची कुटुंबं यांना वगळू नका, कारण त्यांचे नातेवाईक गावात नसतात आणि पुराच्या दिवशी त्यांना कोण विचारत नाही. वही तालमीच्या पोरांकडं एक आणि बचत गटाच्या ताईंकडं एक अशा दोन ठेवा. लोकांच्या आजाराची माहिती असते ती, म्हणून तिचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही.

२०१९ ला आमच्या मागच्या गल्लीत एक आजी दीड दिवस वरच्या खोलीत एकट्याच होत्या. सगळ्यांना वाटलं मुलीकडं गेल्या असतील. घरात डबे भरलेले होते पण पाणी संपलं होतं. त्यांना खाली आणताना त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसता हात धरून ठेवला होता. त्या नंतरच्या मे महिन्यात पहिली वही झाली.

यादी झाली की प्रत्येक एकट्या माणसामागं दोन घरं नेमा, नावानिशी. सगळ्यांनी लक्ष ठेवा असं म्हटलं की कोणीच ठेवत नाही. आणि नावेत बसताना पोरांनी कडक राहायचं, जेवढ्यांची सोय आहे तेवढेच. ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये माणसं जास्त झालेली नाव उलटून जीव गेले, ते विसरता येत नाही. फोन नंबर फळीवर मोठ्या अक्षरात लिहा : ११२, ॲम्ब्युलन्सला १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, विजेची तार तुटली तर १९१२.

नाला साफ झाला का, हे विचारायची पद्धत

पूर थांबवणं आपल्या हातात नाही पण गल्लीतलं पाणी तुंबण्याचं कारण पुष्कळदा प्लास्टिकनं भरलेला नाला असतो, आणि तो वेळेत उपसून घेणं आपल्या हातात आहे. एप्रिलमध्येच नाल्याचे फोटो काढा, शेजारचं घर किंवा पूल दिसेल असे. मग महापालिकेच्या विभागीय कार्यालयात साधा अर्ज, दहा-पंधरा सह्या, दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. तोंडी सांगितलेली तक्रार दुसऱ्या दिवशी कोणाच्याच लक्षात नसते.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर माहिती अधिकार. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, महाराष्ट्रात तसा नियम आहे. "नाला का साफ केला नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. कागद मागा : अमुक नाल्याच्या सफाईच्या कामाची वर्क ऑर्डर, बिल आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, यांच्या प्रती. किती मीटर काम दाखवलंय ते त्यात असतं, मग पोरांना टेप घेऊन पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तिथं जाताना आधीच्या अर्जाची पोच बरोबर पाहिजे. बोलताना आवाज चढवायची गरज पडत नाही, कागद तारखेप्रमाणं लावून समोर ठेवले की माणसं नीट बोलतात असा माझा अनुभव आहे.

गावात असाल तर १ मे ची ग्रामसभा सोडू नका. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १००, यातले जे कमी असतील तेवढे लागतात. ओढ्याचा विषय आधीच लेखी द्या, आदल्या महिला सभेत बायकांनी तो मांडावा, आणि ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला की नाही ते वाचून बघा.

पाणी उतरल्यावर

मेन स्विच वायरमनला दाखवल्याशिवाय चालू करायचा नाही. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात पाणी गेलेलं असलं की ते कामातून जातं आणि क्लेमला पण अडचण येते. चिखल काढायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट प्रत्येक खोलीचे फोटो काढा. अनवाणी चिखलात फिरला असाल आणि ताप आला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना पुराच्या पाण्यात होतो हे आधी सांगा, लेप्टोची, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातनं होणाऱ्या तापाची शंका त्यांना लगेच येईल. पीक विमा असेल तर लगेच कळवायचं. तलाठी पंचनाम्याला आले की तुमच्या नुकसानीच्या सगळ्या वस्तू त्यात लिहिल्यात का ते वाचूनच सही करा, आणि शेजारच्या आजींना वाचता येत नसेल तर त्यांचा पंचनामा होताना तिथं थांबा.