कोंबडीच्या तळव्यातली गाठ: घरी काय करायचं, डॉक्टर कधी गाठायचा

कोंबडी एका पायावर उभी राहते, खुराड्यातून उतरायला कुचराई करते. अशी दिसली की रात्री ती पेंगत असताना उचला, टॉवेलात गुंडाळून उताणी धरा आणि तळवा उजेडात बघा. मधोमध काळा-तपकिरी खपलीसारखा डाग, भोवती लाली, गरमपणा, सूज. कातडीच्या बारीक जखमेतून बहुधा स्टॅफिलोकोकस जंतू आत गेलेला असतो.

खानदेशात जखमेला कारणं अंगणातच पडलेली असतात: कुंपणाचे बाभळीचे काटे, कापलेल्या पऱ्हाट्यांची टोकदार खुंटं, काँक्रीटचा ओटा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बोटांत अडकून कातडी मऊ पाडतो, मग साधा खडाही पुरतो.

कोंबडीचा पू माणसासारखा वाहत नाही, पनीरसारखा घट्ट गोळा होतो. म्हणून दाबून काहीच निघत नाही, उलट संसर्ग आत ढकलला जातो. गाठ दाबायची नाही, ब्लेड तर लावायचंच नाही.

सूज कमी आणि डाग लहान असेल तर हातमोजे घाला, कारण हा जंतू माणसालाही लागतो. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे एप्सम मीठ विरघळवून पाय 10-15 मिनिटं बुडवा. एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटच. केळीला टाकायचं घरात असेलच, पण ते खताचं. पायासाठी मेडिकलमधून आणा. हे पाणी तिला पिऊ देऊ नका, ढाळ लागतात. पाय कोरडा करून पोविडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. वर गॉजची घडी, मग बोटांमधून आठच्या आकड्यात पट्टी. अर्ध्या तासाने बोटं बघा: थंड किंवा सुजलेली असतील तर पट्टी आवळली गेली, लगेच सोडा. पट्टी रोज बदला, भिजली तर तेव्हाच. हळद-तेलाने वरची कातडी मऊ होईल, आतला गोळा हलणार नाही.

तीन-चार दिवसांत फरक नाही, सूज बोटांत किंवा नळीवर चढली, कोंबडी खाणं सोडते, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. गोळा काढणं भूल देऊन त्यांनीच करावं. प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते तिथेच विचारून घ्या. दोन्ही पायांवर खवले उचललेले आणि खरखरीत दिसले, तर तो खवल्यांतला किडा, हा रोग नव्हे.

जागा तशीच ठेवलीत तर पाय पुन्हा सुजतो. बसायची काठी दीड फुटाच्या आत हवी. उंचावरून धपकन उतरताना सगळा भार तळव्यावर येतो, आणि जाड कोंबडीला हे जास्त बाधतं. काठी दीड-दोन इंच जाडीची, कडा रंध्याने गोल केलेली. खाली भुसा कोरडा. मूठ दाबून ओलसर गोळा झाला तर बदला. दाण्याबरोबर गंगाफळाची फोड, शेवग्याचा पाला द्या, अ जीवनसत्त्व कमी पडलं की तळव्याची कातडी लवकर फाटते. दर आठवड्याला सगळ्यांचे तळवे उलटून बघणं सोपं आहे, फक्त कोंबडा असेल तर नख्यांपासून सांभाळा.