घरच्या कॉफीसाठी दाणे निवडताना

कॉफीचे दाणे घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का, हे आधी पाहावे, कारण भाजल्यानंतर महिनाभरात त्यांचा सुगंध उतरू लागतो; म्हणून एका वेळी २०० ग्रॅमच घ्यावेत आणि नाशिकच्या पावसाळी दमट हवेत ते घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजबाहेरच ठेवावेत. कर्नाटकातील चिकमगळूर किंवा कोडगूची अरेबिका जातीची कॉफी सुवासिक व किंचित आंबटसर असते, तर रोबस्टा जातीची कडू, दाट आणि कॅफिनने जवळपास दुप्पट असते. दुधाची कॉफी आवडणाऱ्यांनी थोडी रोबस्टा मिसळलेली घ्यावी. कॉफीत मिसळली जाणारी चिकोरी ही मुळात कॉफी नव्हेच, ती एका झाडाची भाजलेली मुळे असतात, पण दाक्षिणात्य फिल्टरच्या चवीची सवय असणाऱ्यांना तिच्यावाचून चैन पडत नाही.

फ्रेंच प्रेससाठी, म्हणजे दांड्याने जाळी दाबून कॉफी गाळण्याच्या भांड्यासाठी, दाणे जाड रव्यासारखे, ऐन वेळी दळावेत. १५ ग्रॅम पुडीला २४० मिलिलिटर पाणी पुरते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे ते उतरवून अर्धा मिनिट थांबले तरी पुरे. प्रथम पूड भिजेल एवढेच पाणी घालावे: ताजी पूड फसफसून फुगते, शिळी मात्र चिखलासारखी निपचित पडून राहते. अर्ध्या मिनिटाने उरलेले पाणी ओतून एकूण चार मिनिटांनी दांडा हळूहळू दाबावा आणि कॉफी लगेच कपांत ओतावी, कारण भांड्यातच राहिली तर ती कडवट होत जाते.