परदेशात राहून काम करायचे असेल तर: निघण्यापूर्वीची तयारी

महिनोन् महिने परदेशी जाणे गोव्याला नवे नाही. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा माणूस, बोटीवर चढला की सहा-नऊ महिने घराकडे फिरकत नाही आणि मागे राहिलेली माणसे घरदार निगुतीने सांभाळतात. मात्र त्याची नोकरी त्याच्याबरोबर बोटीवरच असते. ज्यांची कचेरी पर्वरीत, पुण्यात किंवा बंगळुरूत आहे आणि ज्यांना दोन-तीन महिने परदेशात राहून तेच काम लॅपटॉपवरून करायचे आहे, त्यांना दोन देशांचे नियम आणि दोन ठिकाणची घड्याळे एकाच वेळी सांभाळावी लागतात. अशा प्रवासाची यादी बहुतेक जण तिकिटापासून सुरू करतात. माझ्या मते तिकीट सर्वांत शेवटी काढावे आणि सुरुवात दिवस मोजण्यापासून करावी. आपल्याकडे अनेकांचे नातेवाईक लिस्बनला असतात, म्हणून पुढची उदाहरणे मुख्यतः पोर्तुगालची घेतली आहेत.

शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या पोर्तुगालसह युरोपातल्या देशांत, अल्पकाळाच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि त्यात उतरल्याचा व परतण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. १ जूनला उतरलात तर २९ ऑगस्ट हा नव्वदावा दिवस, म्हणजे त्या दिवशी विमानात बसायलाच हवे. मध्ये चार दिवस लंडनला जाऊन आल्याने मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून येण्या-जाण्याची नोंद टप्प्याटप्प्याने संगणकावर होऊ लागली आहे, त्यामुळे शिक्का पुसट होता ही सबब आता चालणार नाही. गणेश चवथीला घरी माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) बांधायची असेल तर तिथी पाहून मागे मोजत यावे आणि त्यावरून निघण्याचा दिवस ठरवावा.

दिवस ठरले की परवानगीचा प्रश्न येतो आणि तो दुहेरी आहे. पर्यटकाच्या व्हिसावर नोकरी करण्याची मुभा साधारणपणे नसते. आपला पगार भारतातून येतो एवढ्यावर काम कायदेशीर ठरेल असे गृहीत धरू नये आणि त्या देशाच्या दूतावासाचे लिखित नियम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. अशा कामासाठी काही देशांनी वेगळे व्हिसा काढले आहेत. पोर्तुगालने तो ऑक्टोबर २०२२ अखेर सुरू केला आणि त्यासाठी तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावे लागते. २०२५ मध्ये ही रक्कम ३,४८० युरो होती. थायलंडने २०२४ मध्ये सुरू केलेल्या व्हिसाची मुदत पाच वर्षांची असून त्यावर एका वेळी १८० दिवस राहता येते आणि ५ लाख बाट शिल्लक असल्याचा पुरावा द्यावा लागतो. पोर्तुगालचा महावाणिज्य दूतावास पणजीतच आहे ही आपली सोय. तरीही दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी पोलिसांचा दाखला आणि त्यावरचे अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारे सरकारी प्रमाणन) यांना वेळ लागतो, म्हणून कागदांना किमान तीन महिने द्यावेत.

दुसरी परवानगी मालकाची. वरिष्ठांनी फोनवर दिलेला होकार पुरेसा नाही. कोणत्या देशातून, किती दिवस, कोणत्या लॅपटॉपवर काम होणार हे लिहिलेले पत्र किंवा ईमेल मनुष्यबळ विभागाकडून घ्यावे, कारण ग्राहकाशी झालेल्या करारात माहिती भारताबाहेर उघडू नये अशी अट अनेकदा असते आणि ती ज्या विभागाला ठाऊक असते त्याला आपल्या प्रवासाची खबरही नसते. कराचाही विचार याच वेळी व्हावा. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिलेला माणूस इथला रहिवासी धरला जातो. पोर्तुगालमध्ये बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास तिथलाही कर-रहिवासी होण्याची वेळ येते. मुक्काम चार महिन्यांच्या पुढे जाणार असेल तर सनदी लेखापालाकडे एक तास बसून यावे. ते पैसे वाया जात नाहीत.

यानंतरची बाब दिसायला किरकोळ आहे, पण मी सर्वांत जास्त त्यातच अडकलो, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो. बँकेचा आणि कचेरीचा ओटीपी भारतातल्या सिमवर येतो आणि ते सिम परदेशात जिवंत राहण्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग इथे असतानाच सुरू करावे लागते. पहिल्या खेपेस मी ते केले नव्हते. लिस्बनला पोचल्यावर रोमिंग सुरू करायला गेलो, तर त्याची खात्री करणारा संदेश त्याच बंद सिमवर पाठवला जात होता. फोंड्याला भाऊ दुकानात गेला, तर सिम ज्याच्या नावावर आहे त्यानेच यावे असे त्याला सांगण्यात आले. चार दिवस मला कचेरीच्या यंत्रणेत शिरता आले नाही आणि माझे काम पुण्यातल्या सहकाऱ्यांनी रात्री जागून केले, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करावे, रिचार्ज २८ दिवसांचा न मारता संपूर्ण मुक्काम पुरेल असा मारावा, कचेरीच्या लॉगिनसाठी ओटीपीऐवजी सिमशिवाय फोनवरच कोड दाखवणारे ऑथेंटिकेटर ॲप घ्यावे आणि त्याचे राखीव कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत. इंटरनेटसाठी दुसऱ्या जागी तिथले ई-सिम घालावे. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम ऑक्टोबर २०२० पासून आहे. तेव्हा बँकेच्या ॲपमधून ते चालू करावेत आणि दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत.

राहण्याची जागा निवडताना समुद्र किती लांब आहे हे गोवेकराने विचारूच नये. त्याने टेबल-खुर्चीचा फोटो मागवावा, दार बंद होणारी खोली आहे का ते पाहावे आणि घरमालकाला त्याच खोलीतून इंटरनेटचा वेग मोजून पाठवायला सांगावे. त्यात अपलोडचा आकडा पाहावा, कारण बैठकीत आपला चेहरा आणि आवाज त्यावरच जातो. खोलीचे दार एवढे महत्त्वाचे का, याचे उत्तर घड्याळात आहे. उन्हाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे आपली सकाळी दहाची बैठक तिथे पहाटे साडेपाचला सुरू होते आणि भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाला आपला प्रत्येक शब्द ऐकू जातो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे तासभर मागे जातात, मग तीच बैठक साडेचारला येते. कोणते तास सर्वांना सोयीचे हे सहकाऱ्यांशी आधीच ठरवून घ्यावे.

सामानाबद्दल थोडकेच सांगतो. लॅपटॉपच्या चार्जरच्या पोटावर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तर तो कुठेही चालतो, फक्त आपला तीन जाड पिनांचा प्लग युरोपच्या भिंतीत जात नाही. डगमगणाऱ्या ॲडाप्टरपेक्षा चार्जरची भिंतीकडची वायर तिथे नवी घेणे बरे. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते. २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-तासांची, म्हणजे विमानातल्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेत बसते. महागडा कॅमेरा किंवा स्वतःचा दुसरा लॅपटॉप नेत असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात दाखला घ्यावा, म्हणजे परतताना त्यावर शुल्क मागितले जात नाही. औषधे मूळ वेष्टनात, औषधाचे मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह न्यावीत. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात जुनी दुखणी धरली आहेत का ते पॉलिसीत स्वतः वाचावे.

यादीचा उरलेला अर्धा भाग इथल्या घराचा आहे. जून ते ऑगस्ट बाहेर राहायचे तर घर बंद असताना पाऊस कोसळणार हे गृहीत धरावे. मे महिन्यातच कौले परतून घ्यावीत आणि छपरावर वाकलेल्या माडाच्या झावळ्या उतरवाव्यात. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किलकिले ठेवावे. राउटर आणि टीव्हीच्या पिना काढाव्यात, कारण वीज कडाडली की पहिली तीच यंत्रे जातात. कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंना आठवड्याभरात बुरशी धरते, तेव्हा दर रविवारी तासभर खिडक्या उघडायला कुणीतरी हवे. आईवडील घरी असतील तर त्यांच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डाची प्रत, नेहमीच्या औषधांची यादी आणि रात्री-अपरात्री बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेऊ शकेल अशा दोन माणसांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावेत. हे सगळे झाल्यावर तिकीट काढावे आणि जाताना किल्लीबरोबर गॅसचा रेग्युलेटर, पंपाचा खटका आणि मीटरपेटी कुठे आहे हे शेजाऱ्याला हाताने दाखवून निघावे.