डब टेक्नो शिकायचंय? मग आधी एकच कॉर्ड घेऊन बसा

डब टेक्नो हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक प्रकार, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं यात काही घडतच नाहीये, दहा मिनिटं तीच किक (ड्रमचा जाड ठोका), तोच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणि मागे बारीक खरखर. पण रात्री निवांत, बऱ्या हेडफोनवर ऐका, तो कॉर्ड दोनदा सारखा वाजतच नाही, कधी फिल्टर (आवाजाचा काही भाग अडवणारा) जरासा उघडतो, कधी इको लांबत जाऊन आधीच्या इकोत विरघळतो. मला वेड लागलं ते याचंच.

इतिहास थोडा माहीत असला की शिकणं सोपं जातं. सत्तरच्या दशकात जमैकात, किंग्स्टनला, किंग टबी नावाचा रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस रेगे, म्हणजे तिथल्या लोकप्रिय संगीतातल्या गाण्यांतला गायकाचा आवाज काढून, इको-रिव्हर्ब (घुमणारा आवाज) टाकून मिक्सरवरच (आवाज एकत्र करायचं यंत्र) नवं गाणं घडवायचा, यालाच डब म्हणतात. तीच पद्धत बर्लिनच्या मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांनी १९९३ पासून बेसिक चॅनल या नावाने टेक्नोला लावली. म्हणजे इथे मिक्सर हेच वाद्य, आणि रियाज करायचा तो त्याचाच.

आता प्रत्यक्ष काय करायचं. टेम्पो १२० ठेवा, म्हणजे मिनिटाला १२० बीट. सिंथवर (आवाज तयार करणारं वाद्य) सॉ वेव्हचा, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या लहरीचा एक मायनर कॉर्ड, डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) छोटा, लो-पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) बराच खाली. डिले (इको काढणारा इफेक्ट) कॉर्डच्या ट्रॅकवर थेट लावू नका, सेंडवर, म्हणजे आवाजाचा थोडा भाग पाठवायच्या वेगळ्या वाटेवर ठेवा, म्हणजे किती पाठवायचं ते हातात राहतं. डिलेची वेळ ३७५ मिलिसेकंद, म्हणजे पाऊण बीट. कॉर्ड किकवर मारला तर पहिले तीन इको किकच्या मधे पडतात आणि चौथा बरोब्बर किकवर येतो, हे डोलणं सगळं तिथून येतं! फीडबॅक (इको पुन्हा डिलेत किती जातो ते) साठ-सत्तर टक्के, आणि डिलेच्या रिटर्नवर, म्हणजे परत येणाऱ्या आवाजावर हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) हवाच, नाहीतर खालचे आवाज साचत जातात आणि बेस गढूळ होतो.

मग रेकॉर्ड चालू करून दहा मिनिटं फक्त दोन नॉब फिरवा, फिल्टर आणि फीडबॅक. माउसने ऑटोमेशनच्या (नॉब आपोआप फिरवणाऱ्या) रेषा काढू नका, हाताची चूकभूल त्यात येऊ द्या. दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐका आणि आवडलेला तुकडा तेवढा कापून ठेवा.

जुनी टेप इको मशिन्स महाग असतात, त्यांच्या मागे लागू नका, सॉफ्टवेअरमधला साधा डिले पुरतो. पैसे घालायचेच तर हेडफोनवर घाला, लॅपटॉपच्या स्पीकरवर इथला बेस ऐकूच येत नाही. नुसत्या ट्रॅक्सवर घर चालवणं कठीण आहे हे खरंय, पण हा कान फिल्म आणि गेमच्या साउंड डिझाइनमध्ये चांगला कामी येतो. ऐकायला बेसिक चॅनलनंतर पोर्टर रिक्स, मोनोलेक आणि डेट्रॉइटकडचं डीपकॉर्ड घ्या.